वेगमापक कॅमेरा

वेगमापक कॅमेरा : रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाचा वेग आपोआप मोजणारी आणि तो मर्यादेबाहेर गेल्यास क्रमांकाच्या पाटीचे छायाचित्र वेळ, ठिकाण व मोजलेला वेग यांच्यासह टिपून ठेवणारी यंत्रणा. लाल दिवा ओलांडणाऱ्यांना टिपणारा चौकातला कॅमेरा हा वेगळा प्रकार असला, तरी इंदूरच्या बोलण्यात दोन्ही ‘कॅमेरा’च होत. (महाराष्ट्रात पोलीस ‘पावती फाडतात’, इंदुरी मराठीत मात्र शेजारच्या हिंदीच्या वळणाने ‘चालान कटतं’, आणि ते कॅमेऱ्याने कटले तरी क्रियापद बदलत नाही.)

वेगावर नजर ठेवण्याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेगाने झालेल्या धडकेत सव्वादोन पट ऊर्जा असते. चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकची मोटार ४० च्या वेगात सुमारे २० मीटरांत थांबते, ६० च्या वेगात तिला सुमारे ३६ मीटर लागतात. शाळेतून सुटलेले मूल २५ मीटरांवर आडवे आले, तर या फरकाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. रस्त्यावरील सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, की प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मापनाच्या पद्धती अनेक आहेत. रडार कॅमेरा रेडिओलहरी सोडतो आणि वाहनावर आपटून परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत झालेल्या बदलावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, वेग काढतो. रडार रस्त्याच्या कडेला तिरपे बसवलेले असल्यास ते खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवते. २० अंशांच्या कोनातून ६० चा वेग जेमतेम ५६ भरतो, म्हणून कोनाची दुरुस्ती गणितात धरावी लागते. खांब वाऱ्याने वा धक्क्याने हलला की ही दुरुस्तीही चुकते, आणि नियतकालिक तपासणी केवळ कागदोपत्री उपचार ठरत नाही. लेसर यंत्रे प्रकाशाचे स्पंद पाठवून अंतरातील बदल मोजतात. रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या रेषांवर ठरावीक कालावधीने दोन छायाचित्रे घेऊन रडारचे उत्तर ताडून पाहण्याची रीतही जुनी आहे. या क्षेत्रातील आद्य उत्पादकांपैकी एक मॉरिस गॅट्सोनिडिस हा डच मोटार-शर्यतपटू होता. १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या या गृहस्थांना वळणावरचा स्वतःचा वेग नेमका मोजून तो वाढवायचा होता, हा योगायोग मनोरंजक आहे.

एकाच जागी मोजणाऱ्या कॅमेऱ्याची मर्यादा नेहमीच्या चालकांना लवकर कळते: खांब आला की ब्रेक, खांब मागे पडला की पुन्हा वेग. यावर सरासरी वेगाची पद्धत हा उतारा आहे. दोन कॅमेरे एखाद्या टप्प्याच्या दोन टोकांना वाहनाची पाटी वाचतात आणि अंतराला वेळेने भागतात. ६० ची मर्यादा असलेला पाच किलोमीटरचा टप्पा कोणी तीन मिनिटांत पार केला, तर त्याचा सरासरी वेग १०० होता हे निर्विवाद ठरते, मधे तो कुठेही हळू झाला असला तरी.

भारतात कमाल वेग ठरवण्याची तरतूद मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ मध्ये आणि दंडाची कलम १८३ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६अ घालून इलेक्ट्रॉनिक देखरेखीला कायद्यात स्थान दिले, आणि २०२१ साली केंद्रीय नियमांत आलेल्या नियम १६७अ ने तिचा तपशील ठरवला: यंत्राला दरवर्षी नूतनीकरण करावयाचे मान्यता-प्रमाणपत्र हवे, देखरेखीची सूचना देणारे ठळक फलक हवेत आणि गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवली पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते या मुदतीचे महत्त्व दंडाच्या रकमेहून कमी नाही. चार महिन्यांनी आलेले चालान कोणत्या दिवसाचे, कोणत्या रस्त्याचे हे आठवत नाही आणि त्याचा वाहन चालवण्यावर परिणामही होत नाही.

उपयुक्ततेबद्दल २०१० चा कॉक्रेन आढावा (आधी झालेले अभ्यास एकत्र तपासणारा) नेहमी उद्धृत होतो. त्यात ३५ अभ्यास तपासले गेले आणि कॅमेऱ्यांच्या परिसरात एकूण अपघातांत ८ ते ४९ टक्के घट आढळली. आकड्यांचा हा पल्ला मोठा आहे. कॅमेरा बहुधा अपघात अचानक वाढलेल्या जागी बसवतात, आणि अशी वाढ काही अंशी आपोआपही ओसरते. ती घट कॅमेऱ्याच्या खात्यात जमा करू नये, अशी दक्षता चांगले अभ्यास घेतात.

म्हणून कॅमेरा कोठे बसवावा हा प्रश्न यंत्रनिवडीहून मोठा आहे, आणि इंदूर हे त्याचे बोलके उदाहरण आहे. जुन्या शहरातल्या राजवाड्याच्या आसपास गर्दीच वेग आवरते. तेथे वेगमापकाला काम नाही, पार्किंगची शिस्त हवी. सुपर कॉरिडॉर आणि बायपास रुंद व सरळ आहेत, रात्री मोकळे असतात. कॅमेऱ्याचा खरा उपयोग अशा रस्त्यांवर. ए. बी. रोडची, म्हणजे शहरातून जाणाऱ्या आग्रा-मुंबई रस्त्याची, गोष्ट निराळी. तेथे २०१३ पासून निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा बसचा स्वतंत्र मार्ग होता. तो काढण्यास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये वाट मोकळी केली. रेलिंग निघाले की रस्ता रुंद दिसतो आणि चालकाचा पाय नकळत दाबला जातो, त्यामुळे पलासिया, गीता भवन यांसारख्या चौकांत पायी रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी वेगमर्यादा नव्याने पाहावी लागेल.

यंत्राला पाटी वाचता आली नाही, तर मोजलेला वेग कोणाच्याच नावावर पडत नाही. नियमाप्रमाणे पाटीवर इंग्रजी अक्षरे व अंक हवेत. नक्षीदार वळणाचे, देवनागरीतले किंवा अंकांतून ‘दादा’ वाचता येईल असे लिहिलेले क्रमांक कॅमेऱ्याला चकवतात. नोटीस वाहनमालकाच्या नोंदलेल्या पत्त्यावर आणि मोबाइलवर जाते. पुण्याहून बदलून आलेल्या कुटुंबाची एम. एच. पाटीची गाडी इंदुरात सापडली, तर पत्ता न बदलल्यामुळे नोटीस जुन्या वाड्यात पोहोचते.

मुंबईच्या दिशेने जाताना मानपूरच्या पुढे लागणारा गणेश घाट कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. तेथील दीर्घ उतारावर अवजड ट्रकचे ब्रेक तापून निकामी होत आणि पुढच्या वाहनांवर आदळण्याचे प्रकार वारंवार घडत. ब्रेक गेलेल्या ट्रकचा वेग यंत्र अचूक मोजेल, पण त्या चालकाच्या हाती तो कमी करणे उरलेले नसते; तेथे उतार सौम्य करणारा नवा मार्गच बांधावा लागला.