विजा मोजणं वेगळं, विजेचा वायू मोजणं वेगळं

पृथ्वीवर वर्षाला साधारण 140 कोटी विजा चमकतात, म्हणजे भारताच्या लोकसंख्येएवढ्या. प्रत्येक वीज सरासरी 250 मोल, म्हणजे साडेसात किलोच्या आसपास नायट्रिक ऑक्साइड तयार करते असं धरलं, तर त्यातलं निव्वळ नायट्रोजन वर्षाला 49 लाख टन भरतं. गुणाकार सातवीच्या मुलालाही जमेल असा आहे. पण त्यातले दोन आकडे, विजांची संख्या आणि विजेमागचा वायू, दोन वेगळ्या जातीच्या उपग्रहांकडून तपासले जातात, आणि वातावरणाचं रसायन संगणकावर मांडणाऱ्या मॉडेलांबद्दल ‘उपग्रहाच्या निरीक्षणांनी मॉडेलमधलं विजेचं उत्सर्जन सुधारलं’ असं वाक्य आलं की यातला नेमका कुठला आकडा सुधारला हे कळतच नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? विजेच्या वाटेवरची हवा क्षणभर 30,000 अंशांपर्यंत तापते. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू फुटतात, हवा झपाट्यानं निवते आणि तयार झालेलं नायट्रिक ऑक्साइड तसंच मागे उरतं. गाड्या आणि वीजकेंद्रं याच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइडं ओकतात, पण ती जमिनीलगत काही तासांत संपतात. विजेचा माल 8 ते 12 किलोमीटर उंचीवर जातो. तिथे तो बराच जास्त टिकतो आणि रेणूमागे कितीतरी अधिक ओझोन तयार करतो. हवेतला मिथेन किती वर्षं टिकेल, यावरही त्याचा परिणाम होतो.

आता मॉडेलकडे येऊ. जागतिक मॉडेलचा एक चौकोन शंभर-दोनशे किलोमीटरचा असतो, त्यात एकेक ढग दिसत नाही, मग वीज कुठली दिसायला! 1992 मध्ये कॉलिन प्राइस आणि डेव्हिड रिंड या शास्त्रज्ञांनी एक सोपा मार्ग दिला: ढगाचा माथा किती उंच, त्यावरून विजा ठरवायच्या. जमिनीवर उंचीचा 4.9 वा घात, समुद्रावर 1.73 वा. म्हणजे जमिनीवर माथा 10 वरून 15 किलोमीटरवर गेला की विजा सातपट, समुद्रावर मात्र जेमतेम दुप्पट. सूत्र आजही वापरात आहे. पण 4.9 वा घात म्हणजे चुकीला भिंग लावणं. ढगाची उंची थोडी चुकली तरी विजांचा आकडा भरकटतो.

शिवाय वीज उंचीमुळे पडत नाही. ढगात जोरदार वर जाणारी हवा, गारांचे मऊ गोळे आणि बर्फाचे कण एकमेकांवर आपटणं, त्यातून विद्युतभार वेगळा होणं, हे सगळं लागतं. मे महिन्यात वळीव आला की आपण टीव्हीची वायर काढून ठेवतो. जुलैत कोकणात आठ-आठ दिवस धो धो कोसळतो, तरी कडकडाट क्वचितच. घाटावरचे पावसाळी ढग बरेचदा बुटकेच असतात हे एक. पण भर पावसाळ्यात जिथे ढग उंच जातात, तिथेही आतली हवा वळवासारखी उसळत नाही. उंचीवरून विजा ओळखणारं सूत्र इथे फसतं.

पहिल्या जातीचे उपग्रह हीच चूक पकडतात. ते चमक मोजतात. 1995 मध्ये ओटीडी हे उपकरण वर गेलं, 1997 मध्ये टीआरएमएम उपग्रहावर एलआयएस. तापलेल्या ऑक्सिजनच्या अणूंचा 777.4 नॅनोमीटरचा प्रकाश तेवढा निवडायचा, सेकंदाला पाचशे चौकटी घ्यायच्या आणि दोन चौकटींमध्ये अचानक काय उजळलं ते टिपायचं. म्हणून भर दुपारीही वीज सापडते, रात्रीपेक्षा थोडी कमी, एवढंच. जगात सेकंदाला शंभर विजा चमकतात असं पूर्वी पुस्तकांत छापलेलं असे. ओटीडीनं तो आकडा 44 वर आणला. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवरावर दर चौरस किलोमीटरला वर्षाकाठी 233 विजा चमकतात, हेही एलआयएसच्या सोळा वर्षांच्या नोंदींतून निघालं.

मॉडेलमध्ये हे कसं उतरतं? ली मरे आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये जिऑस-केम या मॉडेलसाठी केलेलं काम यासाठी पाहण्यासारखं आहे. वादळ कधी होणार हे मॉडेलनंच ठरवायचं. पण त्या चौकोनात, त्या महिन्यात मॉडेलनं किती विजा पाडल्या आणि उपग्रहांना वर्षानुवर्षं सरासरी किती दिसल्या, याचं गुणोत्तर काढून विजा त्या प्रमाणात कमी-जास्त करायच्या. नकाशा उपग्रहाचा, घड्याळ मॉडेलचं. मर्यादा उघड आहे: एलआयएस एका फेरीत एखाद्या जागेवर जेमतेम दीड मिनिट नजर ठेवत असे, त्यामुळे विश्वासार्ह नकाशासाठी अनेक वर्षांच्या नोंदी साठवाव्या लागल्या. अमेरिका खंडांवर 2016 पासून वर गेलेल्या गोझ मालिकेच्या भूस्थिर उपग्रहांनी तिथली ही अडचण दूर केली. ते हटतच नाहीत.

पण चमक मोजणाऱ्याला वीज केवढी आहे हे मोजणीतून कळत नाही. 22 ऑक्टोबर 2017 रोजी टेक्सासपासून कॅन्सस सिटीच्या जवळपास पोचलेली वीज 829 किलोमीटर लांब होती. मुंबई-नागपूर सरळ रेषेत धरलं तरी त्याहून लांब. मोजणीत ती एकच. ढगातल्या ढगात चमकून गेलेली चिमुकलीही एकच.

विजेमागे वायू किती, हा दुसऱ्या जातीच्या उपग्रहांचा प्रश्न. 2004 चं ओएमआय आणि 2017 चं ट्रोपोमी ही त्यांवरची उपकरणं. यांना वीज दिसतच नाही. जमिनीवरून आणि ढगांवरून परतलेल्या सूर्यप्रकाशातला निळा-जांभळा भाग कुठे कमी झाला, त्यावरून ते नायट्रोजन डायऑक्साइड मोजतात. वीज तयार करते ते नायट्रिक ऑक्साइड, आणि उंचावरच्या थंड, उन्हानं न्हालेल्या हवेत बहुतांश माल त्याच रूपात राहतो. म्हणजे दिसतो तो छोटा हिस्सा, आणि उरलेला किती हे विचारायचं मॉडेललाच. ज्याची उत्तरपत्रिका तपासायची, त्याच्याकडूनच पट्टी उसनी घ्यायची!

अडचणी इतक्यावर थांबत नाहीत. हे उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात, तर जमिनीवरच्या विजांचा जोर दुपार कलल्यावर आणि संध्याकाळी. हाती लागतो तो बरेचदा आदल्या दिवसाचा उरलेला वायू. वादळाजवळ तो किती तास टिकतो यावर अजून वाद आहेत. ढग दृश्य अडवतात हे खरं, पण त्यांचा एक उपकारही आहे: खालच्या शहराचा धूर ते झाकून टाकतात आणि माथ्यावरचं विजेचं देणं वेगळं दिसतं.

यातून आलेले आकडे बघा. केनेथ पिकरिंग यांच्या गटाला 2016 मध्ये मेक्सिकोच्या आखातावर विजेमागे 80 मोल मिळाले, अधिक-उणे 45. एरिक बुकसेला यांच्या गटाला 2019 मध्ये उत्तरेच्या मध्य अक्षांशांत 180, अधिक-उणे 100. जिऑस-केममध्ये मात्र मरे यांच्या त्या कामात उत्तरेच्या मध्य अक्षांशांसाठी 500 आणि उष्ण कटिबंधासाठी 260 धरलेले होते. बुकसेलांच्या आकड्यातली अनिश्चितता आकड्याच्या निम्म्याहून जास्त आहे, तरीही 500 तिच्या कक्षेत बसत नाही.

तिसरा रस्ता म्हणजे सगळी निरीक्षणं एकदम मॉडेलमध्ये ओतणं. काझुयुकी मियाझाकी यांनी 2014 मध्ये नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, नायट्रिक आम्ल आणि कार्बन मोनॉक्साइडची उपग्रह-निरीक्षणं एकत्र करून वर्षाला 63 लाख टन नायट्रोजन काढलं, अधिक-उणे 14 लाख. काम देखणं आहे. पण अशा पद्धतीत गुणाकाराचं उत्तर सुधारतं. विजांची संख्या चुकली होती की विजेमागचा वायू, हे त्यातून उलगडत नाही. विजा दुप्पट आणि वायू निम्मा धरला तरी बेरीज जुळते, फक्त माल भलत्याच जागी पडतो. माझं मत विचाराल तर आधी चमक मोजून संख्या पक्की करावी, कारण ती मोजणी वायूच्या रसायनाच्या भानगडीत पडत नाही. मगच नायट्रोजन डायऑक्साइडला हात घालावा, आणि तोही फक्त विजेमागच्या मोलांसाठी.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं जमिनीवरचं जाळं, ज्याच्या जोरावर ‘दामिनी’ ॲप आपल्याला सावध करतं, ते उपग्रहांच्या या दोन्ही जातींत बसत नाही. ते विजेच्या रेडिओ लहरी ऐकतं, आणि असं जाळं एकेका तडाख्याची नोंद करू शकतं. जमिनीवर पडणाऱ्या एका विजेत बरेचदा तीन-चार तडाखे असतात. डोळ्यांना वीज थरथरल्यासारखी दिसते ती त्यामुळेच. असे तडाखे विजा समजून कुणी सरळ 250 मोलांनी गुणले, तर ढगात कारखाना उभा राहील.