न्यू मेक्सिकोतले हिस्पॅनिक सगळे नवखे?

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात निम्मी वस्ती हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाची), म्हणजे सगळे अलीकडे सीमा ओलांडून आलेले, हा समज खुद्द अमेरिकेतही रुळलेला आहे. आकडा जवळपास बरोबर: २०२०च्या जनगणनेत राज्याच्या सुमारे २१ लाख १७ हजार लोकांपैकी ४७.७ टक्के हिस्पॅनिक होते. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. परदेशात जन्मलेल्यांचं इथलं प्रमाण साधारण १० टक्के, देशाच्या सरासरीहून कमीच.

१५९८ मध्ये स्पेनच्या वतीने हुआन दे ओन्याते वसाहतीसाठी कुटुंबं घेऊन रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात आला. १६१०च्या सुमारास सांता फे राजधानी झालं. इंग्लंडहून वसाहतकरी घेऊन निघालेलं 'मेफ्लॉवर' जहाज अमेरिकेला लागलं ते याच्या दहा वर्षांनंतर! पुढे १८४८च्या ग्वादालूप इदाल्गो तहाने हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. माणसं होती तिथेच राहिली, राज्यकर्ते बदलले. नंतर मेक्सिकोतून आलेली कुटुंबंही आहेत, विशेषतः दक्षिणेकडे. पण सगळ्यांना त्यात ओढणं म्हणजे अज्ञानच.

आणि मूळचे कोण हाच वाद घालायचा, तर प्वेब्लो या मूलनिवासी लोकांपुढे स्पॅनिशही उपरेच. १६८० मध्ये उठाव करून त्यांनी स्पॅनिशांना बारा वर्षं प्रांताबाहेर ठेवलं होतं. आजही राज्यात १९ प्वेब्लो वस्त्या नांदताहेत, शिवाय नव्हाहो आणि अपाची हे मूलनिवासी.