इंजिन गरम झालं की ठिणगी कुठे जाते?

मे महिन्यात खंबाटकी किंवा कसारा घाटात बॉनेट उघडून उभी असलेली जुनी पद्मिनी किंवा मारुती ८०० दिसली, की जवळ येणारा प्रत्येक जण एकच निदान करतो: "गाडी तापली." मग पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली असं समजून फ्युएल पंपावर ओलं फडकं पडतं, अर्ध्या तासाने गाडी सुरू होते आणि फडक्याची कीर्ती आणखी चार जणांपर्यंत पोचते.

पाणी उकळतंय, काटा लाल पट्ट्यात गेलाय, तर गाडी खरोखरच तापली आहे. तो आजार वेगळा आणि त्यात रेडिएटरचं झाकण उघडायची घाई करायची नाही. इथे विषय आहे तो दुसऱ्याच दुखण्याचा. काटा मध्यावर, पाणी ८५-९० अंशांवर, म्हणजे इंजिन हवं तेवढंच गरम. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटं गुमान चालते आणि मग बंद. थंड झाली की पुन्हा शहाण्यासारखी वागते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती थंडच झालेली असते, त्यामुळे मेकॅनिकला काहीच सापडत नाही. तो अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातो आणि बिल वाढत जातं.

फडक्याची मेख अशी, की अर्ध्या तासात फक्त पंप थंड होत नाही. बॉनेटखालचं सगळंच थंड होतं. फडकं न टाकताही गाडी सुरू झाली असती का, हे कोणी तपासत नाही. शनिवारी बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला हसणारी माणसंही इथे नेमका तोच तर्क वापरतात.

पहिला पुरावा गाडी बंद पडतानाच मिळतो. झटके खात, मागेपुढे होत, दम सोडत बंद पडली तर संशय पेट्रोलवर. किल्ली फिरवून बंद करावी तशी एका क्षणात गप्प झाली तर संशय ठिणगीवर, म्हणजे इग्निशनवर. हा नियम शंभर टक्के खरा नाही, पण कुठून सुरुवात करायची ते सांगतो.

दुसरा पुरावा बंद पडल्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांतच घ्यायचा, दोष जिवंत असताना. म्हणून डिकीत एक जादा स्पार्क प्लग, एक टेस्ट लॅम्प आणि साधा मल्टिमीटर हवा. प्लगची एचटी केबल (ठिणगीचे हजारो व्होल्ट नेणारी जाड वायर) काढून जादा प्लगला लावा. प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवा, कार्ब्युरेटरपासून लांब, आणि प्लग हातात धरू नका. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि टक्-टक् वाजणारी हवी. पिवळट, बारीक ठिणगीवर विश्वास ठेवू नका. उघड्या हवेत ०.८ मिलिमीटरची फट ओलांडायला तीनेक हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबाखाली त्याच फटीला दहा हजारांच्या वर लागतात. निरोगी कॉइल (बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारा भाग) उघड्या हवेत ६ मिलिमीटर उडी सहज मारते, म्हणून ६ मिलिमीटर फटीचा स्पार्क टेस्टर मिळाला तर उत्तमच.

ठिणगी नसेल, तर पॉइंटवाल्या गाडीत (जिथे डिस्ट्रिब्युटर या ठिणगी वाटणाऱ्या डब्यातली उघडझाप करणारी दोन तोंडं कॉइलचा करंट तोडतात) टेस्ट लॅम्पची चिमटी बॉडीला लावा, किल्ली ऑन करा आणि टोक कॉइलच्या प्लसला लावा. दिवा लागला नाही तर कॉइलपर्यंत करंटच येत नाही. इग्निशन स्विच आणि वायरिंग बघा. लागला तर टोक मायनसला लावा आणि सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत, दोष कॉइलची सेकंडरी (हजारो व्होल्टची गुंडाळी), रोटर (प्लगांना पाळीने ठिणगी वाटणारा फिरता तुकडा), मधली एचटी केबल किंवा पॉइंटवरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर (०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरॅड) यांपैकी कुठेतरी. एकसारखा जळत राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, किंवा डिस्ट्रिब्युटरमधली बारीक वायर आतून तुटली आहे. अजिबात लागला नाही तर मायनसची वायर काढून पुन्हा बघा: आता लागला तर पॉइंटची किंवा कंडेन्सरची बाजू शॉर्ट आहे, तरीही अंधार असेल तर कॉइलची प्रायमरी (१२ व्होल्टची गुंडाळी) तुटली आहे. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल किंवा ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत बल्बचा दिवा वापरू नका, एलईडीचा वापरा.

आता या सगळ्यातली खरी गंमत. थंड असताना जोडलेली तार गरम झाल्यावर का तुटते?

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन गुंडाळ्या असतात: काहीशे वेढ्यांची जाड प्रायमरी आणि वीसेक हजार वेढ्यांची केसासारखी बारीक सेकंडरी. प्रायमरीतला करंट एकदम तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळतं, प्रायमरीत अडीच-तीनशे व्होल्ट उसळतात आणि सेकंडरीत त्याच्या शंभरेक पट. इथपर्यंत शाळेतलंच.

तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना ३ ओहम असलेली प्रायमरी १०० अंशांना ३.९ ओहमच्या पुढे जाते. १२ व्होल्टवर ४ अँपिअरचा करंट ३ अँपिअरवर येतो. पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे पाऊण करंट म्हणजे जेमतेम ५६-५८ टक्के ऊर्जा. चांगल्या कॉइलमध्ये एवढी शिल्लक गृहीतच धरलेली असते. प्लगची फट झिजून १.२ मिलिमीटर झाली असेल, पॉइंट जळके असतील, तर ती शिल्लक आधीच संपलेली असते आणि गरमीचा तो शेवटचा धक्का पुरतो. अशा वेळी कॉइल बदलून गाडी सुधारते, पण दोष कॉइलचा नसतो.

याहून मजेदार आहे तडा. दहा सेंटिमीटर तांबं ८० अंशांनी तापलं की सुमारे ०.१४ मिलिमीटर वाढतं. कॉइल ज्या रेझिनमध्ये ओतलेली असते ते रेझिन त्याच्या तिप्पट-चौपट वाढतं. दोघं वेगवेगळ्या चालीने फुगतात, ओढाताण होते आणि ती सगळी येते सर्वांत कमजोर जागेवर, म्हणजे डाग दिलेल्या जोडावर. तिथे तडा असेल तर थंडपणी दोन तोंडं एकमेकांना टेकलेली असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी जरी दूर झाली तरी १२ व्होल्टला ती फट ओलांडता येत नाही. प्रायमरी तुटली की इंजिन तत्क्षणी बंद. सेकंडरीची गोष्ट उलटी: तिथे हजारो व्होल्ट असल्याने आतली फट ठिणगीच ओलांडून जाते, गाडी रडतखडत चालत राहते, आणि मल्टिमीटर मात्र, त्याची बॅटरी काही व्होल्टचीच असल्याने, सर्किट तुटल्याचं दाखवतो.

तिसरी भानगड इन्सुलेशनची. गरम झाल्यावर शेजारचे चार-दोन वेढे एकमेकांना शॉर्ट झाले, की तो मिटलेला वेढा सगळी ऊर्जा गिळतो. वीस हजारांतले चार वेढे कमी झाल्याने ओहममध्ये फरक दिसतच नाही. म्हणून "मल्टिमीटरवर कॉइल ओके आहे" हे वाक्य अर्धसत्य आहे.

पंपावर पेट्रोल भरून निघताना गाडी सुरू न होण्याचं कारणही इथेच आहे. इंजिन बंद झालं की फॅन थांबतो, वारा थांबतो, पण ब्लॉकमधली उष्णता वर येतच राहते. पहिली दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालचं तापमान वाढतं.

म्हणजे दोष पकडायचा तर थंड गाडी तपासून उपयोग नाही. संशयित पार्ट गरम करून बघायचा. कॉइल काढून थंड असताना मोजा: बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी ठेवायला बाहेर जोडलेला रोध) नसलेल्या कॉइलची प्रायमरी साधारण ३ ओहम, बॅलास्टवालीची दीड, सेकंडरी बहुधा ६ ते १५ किलोओहम. मग हेअर ड्रायरने पाच-सात मिनिटं तापवत मीटरवर लक्ष ठेवा. आकडा सावकाश चढला तर ठीक. अचानक उडाला तर चोर सापडला. रस्त्यावर याचं उलट करा: किल्ली बंद करून गार पाण्याची घट्ट बांधलेली पिशवी फक्त कॉइलवर ठेवा, पंपाला हात लावू नका. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली तर फडक्याचा दावा निकालात निघाला.

इंजेक्शनच्या गाड्यांत हीच कथा क्रँक सेन्सरमध्ये, म्हणजे इंजिनचं फिरणं ईसीयूला कळवणाऱ्या भागात घडते. दोन वायरींचा असेल तर आत लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे वेढे असतात, त्यामुळे ओहम मोजता येतात; तीन वायरींचा हॉल सेन्सर (आत वेढ्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) मीटरवर असा तपासता येत नाही. सेल्फ मारताना टॅकोमीटरचा काटा शून्यावरच पडून असेल, किंवा स्कॅनरवर पी०३३५ हा कोड आला, तर तिकडे बघा. इग्निशन मॉड्यूलही गरमीला नाजूक असतं. फोर्डने ते डिस्ट्रिब्युटरवरच, इंजिनच्या धगीत बसवलं होतं. २००० साली कॅलिफोर्नियाच्या न्यायाधीशांनी फोर्डच्या अशा सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला.

पेट्रोलची बाजू थोडक्यात. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात आणि मेकॅनिकल पंप पेट्रोल ओढून घेतो, म्हणजे ओढणाऱ्या नळीत दाब आणखी कमी. त्यामुळे व्हेपर लॉक (वाफ अडकून पेट्रोल पुढे न जाणं) ही कल्पना खोटी नाही. पण पंप टाकीत आणि दाब तीनेक बार असलेल्या गाडीत तो जवळपास होतच नाही. पेट्रोलवर संशय असेल तर आधी टाकीचं झाकण उघडून बघा. सूं करून हवा आत गेली तर झाकणाचं छिद्र बुजलंय, टाकीत निर्वात तयार होतोय. हा दोष अर्ध्या तासाने दिसतो म्हणून गरमीचा वाटतो, पण त्याचा संबंध तापमानाशी नाही, फक्त वेळेशी आहे. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून यातलं काहीच सुधारत नाही, अॅव्हरेजही नाही.

नवा पार्ट बसवताना दोन गोष्टी पाहा. मॉड्यूलखाली पांढरी हीटसिंक पेस्ट पातळ थरात लावायचीच. जुनी वाळली होती म्हणूनच बहुधा आधीचं गेलं. आणि कॉइल जुन्याच ओहमची घ्या. बॅलास्ट नसलेल्या गाडीत दीड ओहमची कॉइल लावली तर करंट ८ अँपिअरवर जातो, ठिणगी सुरुवातीला झकास पडते, मग पॉइंट काळे पडतात किंवा मॉड्यूल जळतं, आणि कॉइल हाताला चटका बसेल इतकी तापू लागते.