तेतुन घरकामाच्या बोलीमागचा इतिहास

पूर्व तिमोरच्या दिली शहरात कपडे धुण्याला ‘फासे रोपा’ म्हणतात. त्यातला ‘फासे’, म्हणजे धुणे, हा मूळचा तेतुन, म्हणजे तिथल्या स्थानिक भाषेतला, शब्द, ‘रोपा’ पोर्तुगीज. घरकामाच्या बोलीत ही जोडी जागोजागी भेटते. झाडणे (दासा), उन्हात वाळवणे (हाबाई), पाणी भरणे (कुरू बे), शिजवणे (तेइन) ही कामे जुन्या तेतुनमध्येच राहिली. साबण (साबाउन) आणि बादली (बाल्दे) पोर्तुगिजांकडून आली. कापडाचे तर स्पष्टच दिसते: बायका मागावर विणतात त्या पारंपरिक वस्त्राला आजही ‘ताइस’ म्हणतात, शिवलेल्या कपड्यांना मात्र ‘रोपा’.

पोर्तुगिजांनी 1769 मध्ये राजधानी लिफाउहून दिलीला हलवली. दिलीच्या आसपास माम्बाई बोलली जाते. तेतुन तिथे व्यवहाराची आणि चर्चची भाषा म्हणून रुजली आणि पोर्तुगीज शब्द पोटात घेत गेली. याच शहरी रूपाला तेतुन प्रासा म्हणतात. आपला यात खरा दुवा आहे, कारण 1844 पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. मराठीतली चावी नि बालदीही त्याच पोर्तुगिजांची. दिलीत त्या ‘शावे’ आणि ‘बाल्दे’ झाल्या.

डिसेंबर 1975 मध्ये इंडोनेशियाने आक्रमण केले आणि शाळांतून पोर्तुगीज हद्दपार झाली. इस्त्री करण्याला पोर्तुगीजवरून आलेला ‘एंगोमा’ होताच, त्याच्या शेजारी इंडोनेशियन ‘सेत्रिका’ची छाया पडली. चर्चने मात्र प्रार्थनेसाठी तेतुन स्वीकारली, आणि माझ्या मते या भाषेचा मान टिकण्यात त्या निर्णयाचा वाटा फार मोठा आहे. 2002 च्या संविधानाने तेतुनला पोर्तुगीजबरोबर अधिकृत दर्जा दिला.

इंडोनेशियापासून स्वतंत्र होण्याबाबतच्या 1999 च्या सार्वमतानंतर संयुक्त राष्ट्रांची माणसे दिलीत आली, भाड्याच्या घरांत राहिली, आणि घरकामाची वाक्ये परदेशी माणसालाही रोज लागू लागली. ‘माना, फाव्होर इदा फासे रोपा ने’ म्हणजे ‘ताई, कृपया हे कपडे धुवा.’ ‘माना’ (थोरली बहीण) हा शब्दही पोर्तुगीजच; थोरल्या भावाला ‘माउन’ म्हणतात. क्रियापदाला काळाचे प्रत्यय लागत नाहीत: ‘रोपा मारान ओना’, कपडे वाळले, ‘रोपा सेइदाउक मारान’, अजून वाळायचेत. कामाला आलेल्या बाईला नावाआधी ‘माना’ म्हणणे तिथे साधी रीत आहे, आणि नव्या माणसाने हा शब्द सगळ्यांत आधी शिकावा.