जुन्या सर्व्हरचा रिमोट कन्सोल का उघडत नाही? थोडी पार्श्वभूमी

सेकंडहँड बाजारात आजही सहज मिळणारे सर्व्हर म्हणजे डेलचे आर७१० आणि आर७२०, एचपीचे डीएल३८० जी७ आणि जेन८, सुपरमायक्रोचे एक्स९ बोर्ड. सगळे साधारण २००९ ते २०१३ या काळातले. प्रोसेसर चालतो, रॅम चालते, पंख्यांचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत पोचतो. घोडं अडतं ते रिमोट कन्सोलपाशी, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरची स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस चालवायच्या सोयीपाशी. लॉगिनचं पानच उघडत नाही. उघडलं तर पासवर्ड माहीत नसतो. तोही मिळाला तर स्क्रीनची खिडकी क्षणभर दिसते आणि ‘कनेक्शन फेल्ड’ म्हणून मिटते. पहिला संशय बोर्डावर जातो, आणि बहुतेक वेळा बोर्ड निर्दोष असतो.

कन्सोल चालवते ती बीएमसी नावाची चिप. सर्व्हरच्या पोटातला हा वेगळाच छोटा संगणक: स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःचा आयपी पत्ता. सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबल लावलेली असेल तर स्टँडबाय विजेवर ती जागी असते. एचपीची ती आयलो, डेलची आयड्रॅक. १९९८ साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी आयपीएमआय हे सामाईक मानक आणलं. २००१च्या १.५ आवृत्तीत नेटवर्कवरून बोलायची सोय झाली आणि २००४च्या २.० मध्ये एन्क्रिप्शन आणि नेटवर्कवरून सीरियल कन्सोल आला. मशीन चालू-बंद करणं, तापमान बघणं, मजकुराचा कन्सोल, एवढं या मानकात बसलं. पण स्क्रीनचं चित्र, कीबोर्ड आणि माऊस दूरवर कसे न्यायचे, हे त्यात कधी आलंच नाही. ती वाट प्रत्येक कंपनीने आपापली काढली, आणि आजच्या बऱ्याचशा कटकटीचं मूळ तिथे आहे.

त्या काळी सोपी वाट होती जावाची. एकच प्रोग्रॅम विंडोजवर आणि लिनक्सवर चालायचा, ब्राउझर तो आपणहून उघडायचा. काहींनी जोडीला मायक्रोसॉफ्टचं ॲक्टिव्हएक्स दिलं. मग ब्राउझरमधल्या जावातली भोकं एकामागून एक उघडी पडायला लागली आणि दारं बंद होत गेली. जानेवारी २०१४ मध्ये जावा ७च्या ५१व्या अपडेटने सही नसलेले किंवा स्वतःच सही केलेले प्रोग्रॅम अडवले. त्यातून सूट द्यायची ‘एक्सेप्शन साइट लिस्ट’ही तेव्हाच आली. एसएसएल ३ या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतीतलं भोक ऑक्टोबर २०१४च्या पूडल हल्ल्याने दाखवलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये जावाने ती बंद केली. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने जावा चालवणारे जुने प्लगइन पूर्ण काढले, मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने. त्याच वर्षी एप्रिलपासून एमडी५ या जुन्या पद्धतीने सही केलेल्या फायली जावाला चालेनाशा झाल्या. २०१८च्या जावा ११ मध्ये वेब स्टार्ट, म्हणजे वेब पानावरून जावा प्रोग्रॅम सुरू करायची सोय, गेलं. २०२० मध्ये ब्राउझरांनी आणि २०२१ मध्ये जावाने टीएलएस १.० आणि १.१ला (एसएसएलच्या पुढच्या, पण आता जुन्या झालेल्या आवृत्त्यांना) रजा दिली. बीएमसी मात्र होती तिथेच राहिली.

म्हणून समोरचा एरर कोणत्या सालचा आहे, हे आधी ओळखावं. पानच उघडत नसेल तर भांडण टीएलएसचं. जेएनएलपी फाइल (वेब स्टार्टने उघडायची) उतरते पण काहीच होत नाही, तर वेब स्टार्ट नाही. ‘ॲप्लिकेशन ब्लॉक्ड’ आलं तर सही जुनी. खिडकी उघडून मिटत असेल तर बहुतेक वेळा आतल्या जोडणीचं जुनं एन्क्रिप्शन नव्या जावाला मान्य नसतं. आयड्रॅक ६ वर हे हमखास. ‘जावा डॉट सिक्युरिटी’ फाइलमधली बंदीची यादी सैल केली की कन्सोल चालतो, पण रोजच्या मशीनवर असं करणं मला पटत नाही. जावा ७चं ८०वं अपडेट आणि त्या काळचा ब्राउझर घातलेली एखादी व्हर्च्युअल मशीन किंवा कंटेनर बाजूला ठेवावा, आणि त्यातून कन्सोलपलीकडे कुठेही जाऊ नये.

पासवर्डची गोष्ट वेगळी. कंपनीकडून आलेलं नाव आणि पासवर्ड म्हणजे डेलवर ‘रूट’ आणि ‘कॅल्विन’, सुपरमायक्रोवर दोन्हीकडे ‘ॲडमिन’, आयबीएमवर ‘पासवर्ड’ हा शब्द पण ‘ओ’च्या जागी शून्य. एचपी आधीपासूनच प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देत आली. तो पुढच्या बाजूला लटकणाऱ्या पट्टीवर असतो आणि जुन्या मालात ती पट्टी हमखास हरवलेली असते. सगळ्या मशीनना एकच ठरावीक पासवर्ड देण्याविरुद्धचा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि सुपरमायक्रोनेही वेगळा पासवर्ड स्टिकरवर छापायला सुरुवात केली. त्यामुळे जुने सल्ले नव्या बोर्डांवर चालत नाहीत. मशीनवर लिनक्स चढवता येत असेल तर हे सगळं टळतं: आतून आयपीएमआयटूल हा बीएमसीशी बोलणारा प्रोग्रॅम चालवलं तर ते पासवर्ड विचारत नाही. डेल आणि सुपरमायक्रोवर मुख्य खातं दुसऱ्या क्रमांकाचं असतं, त्याचा पासवर्ड तिथूनच बदलावा. अडकलेली बीएमसीही याच मार्गाने रीसेट होते. एचपीवर बोर्डावरच्या मेंटेनन्स स्विचांपैकी पहिला चालू केला की आयलो पासवर्ड मागत नाही. काम झाल्यावर तो आठवणीने परत फिरवावा.

कधी कधी बिघाड नसतोच, लायसन्स नसतं. आयलो ॲडव्हान्स्ड नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताच स्क्रीन बंद. आर७१०मध्ये तर एंटरप्राइज हे वेगळं कार्डच होतं. ते नसेल तर व्हर्च्युअल कन्सोलही नाही आणि मॅनेजमेंटचा स्वतंत्र पोर्टही नाही.

बीएमसीचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतला प्रोग्रॅम, जुनं ठेवून भागत नाही. २०१३ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन फार्मर यांनी आयपीएमआयच्या कमकुवत जागा चव्हाट्यावर आणल्या: २.० मध्ये लॉगिनच्या आधीच पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचं सांकेतिक रूप, समोरच्याच्या हाती पडतो. दोष मानकातच असल्याने तो अपडेटने जात नाही. २०१७ मध्ये आयलो ४ बाबत कळलं की वेब विनंतीच्या एका हेडरमध्ये २९ वेळा ‘ए’ अक्षर पाठवलं की कुलूप उघडतं, ते २.५३ आवृत्तीत दुरुस्त झालं. बीएमसीचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवायचे नाहीत, घरच्या राउटरवरूनही नाही.

अपडेटचा आणखी एक फायदा आहे. आयड्रॅक ७ आणि ८ ला २०१६ मध्ये, आयलो ४ ला २०१९च्या २.७० आवृत्तीत एचटीएमएल५ कन्सोल मिळाला, म्हणजे जावाच नको. आयलो ३ आणि आयड्रॅक ६ ला तो कधीच मिळाला नाही. दोन सर्व्हरांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर मी या एका गोष्टीसाठी जेन८ (आयलो ४) किंवा आर७२० (आयड्रॅक ७) घेईन.

खरा हार्डवेअर बिघाडही असतो. आयलो ४ मधली फ्लॅश मेमरी खराब होते आणि लॉगमध्ये ‘एम्बेडेड फ्लॅश’ फेल दिसतं. फर्मवेअर अपडेट करून ती मेमरी फॉरमॅट करायची सोय एचपीईने (एचपीचा सर्व्हर धंदा आता याच कंपनीकडे आहे) दिली आहे. त्यानंतर पॉवर केबल पूर्ण काढून पुन्हा लावावी. एवढं करूनही फेलच दिसत असेल तर बोर्ड बदलण्यावाचून इलाज नाही.