घाम थांबवला तर "विष" अंगात राहतं का?

आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर दर उन्हाळ्यात येतो तो मेसेज: घामातून शरीरातलं विष बाहेर पडतं, म्हणून जास्त घामावर औषध घेऊ नका.

असं वाटणं साहजिक आहे, घाम येऊन गेला की हलकं वाटतंच ना. पण घाम जवळपास 99 टक्के पाणी असतं, बाकी मुख्यतः मीठ, आणि त्याचं काम अंग थंड करणं, रक्तातली घाण काढायचं काम लिव्हर आणि किडन्या करतात.

माझी भाची डिसेंबरच्या थंडीतसुद्धा पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवायची, तरी शाई पसरायची, आणि घरचे म्हणायचे चांगलंय, विष निघतंय! तुम्हीच बघा, दोन्ही तळहात, तळपाय किंवा काखा गरमी नसतानाही भिजतात, झोपेत मात्र कोरड्या राहतात, लहानपणापासून आहे, घरात अजून कुणाला आहे, तर हा बहुतेक हायपरहायड्रोसिस, म्हणजे गरजेपेक्षा जास्त घाम येण्याचा आजार. डॉक्टर आयोडीन आणि स्टार्च लावूनही बघतात, घाम येतो तिथे निळं-काळं होतं.

उपचार आहेत हो. रात्री कोरड्या त्वचेवर अ‍ॅल्युमिनियम क्लोराईडचं लोशन, हातापायांसाठी पाण्यातून सौम्य करंट देणारं आयोंटोफोरेसिस, किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन, ज्याचा असर काही महिने टिकतो. घाम फक्त तेवढ्या जागेचा कमी होतो, बाकी अंग थंड राहतंच.

पण घाम अचानक सुरू झाला, रात्री कपडे भिजतात, वजन उतरतंय किंवा ताप आहे, तर आधी फिजिशियनकडे जा, थायरॉईड, शुगर, टीबी तपासावं लागतं. आणि छातीत दुखून घाम फुटला तर सरळ इमर्जन्सी.