पामुक्कले की कॅपाडोशिया? बलून दोन्हीकडे, पण दगड वेगळा

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीने तुर्कीचे फोटो टाकले, पांढरीशुभ्र पायऱ्यापायऱ्यांची कुंडं, वर बलून, आणि खाली लिहिलेलं "कॅपाडोशिया". तिची पण काय चूक म्हणा, फिकट रंगाचे चित्रविचित्र दगड दोन्हीकडे, बलून दोन्हीकडे, आणि टूरवाले दोन्ही एकाच पॅकेजमध्ये कोंबतात. पण तो फोटो पामुक्कलेचा होता, आणि तिथून कॅपाडोशिया रस्त्याने ६०० किलोमीटरच्या आसपास. पामुक्कलेत पाणी दगड बनवतं आणि कॅपाडोशियात पाणी दगड खातं, एवढा साधा फरक आहे.

ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी बादलीच्या कडेला नाहीतर गिझरच्या कॉइलवर बसलेला पांढरा थर बघितलाच असेल, नखाने खरवडून पण निघत नाही तो. पामुक्कले म्हणजे तेच, फक्त डोंगराएवढं. तिथे जमिनीत भेगा आहेत, त्यातून ३५ अंशांच्या आसपासचं गरम पाणी वर येतं, येताना चुनखडी विरघळवून आणतं, आणि उघड्यावर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखा त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मग चुना खाली बसतो, आधी जेलीसारखा मऊ, नंतर कडक. कुंडाच्या काठावरून पाणी पातळ थराने सांडतं तिथे गॅस जास्त उडतो, म्हणून काठच वाढत जातो आणि आपोआप वाटी तयार होते. अशा वाट्या उतरत गेलेला कडा जवळपास २०० मीटर उंच आहे. दगडाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. पामुक म्हणजे कापूस, कले म्हणजे किल्ला, आणि खालच्या मेंदेरेस नदीच्या खोऱ्यात खरंच कापूस पिकतो.

आता जाऊन आलेले लोक तक्रार करतात की अर्धी कुंडं कोरडीच होती. त्याचं असं झालं की वर हिएरापोलिस नावाच्या जुन्या शहराच्या अवशेषांतच हॉटेलं बांधली होती आणि हे गरम पाणी त्यांच्या स्विमिंग पूलमध्ये जायचं, दगडाचा रंग पण बिघडला. १९९० च्या दशकात हॉटेलं पाडायला घेतली. आता पाणी पाळीपाळीने सोडतात, आपल्याकडे पाटाचं पाणी शेताला देतात ना अगदी तसं, त्यामुळे कोरडी कुंडं दिसणारच.

कॅपाडोशियाचा मामला उलटा. तिथे एर्जियेस, हसनदाग वगैरे ज्वालामुखींनी लाखो वर्षांपूर्वी राख ओकली, ती थरावर थर बसून घट्ट झाली, तो टफ. मग पाऊस, बर्फ, ओढे ते कापत गेले. वर जिथे कडक दगडाची टोपी होती तिथे खालचा भाग वाचला, बाकी वाहून गेलं, असे ते सुळके उभे राहिले. टोपी पडली की तो सुळका पण हळूहळू संपतो. तुर्कीत त्यांना परीचं धुराडं म्हणतात, नाव झकास आहे.

कोकणातल्या जांभ्यासारखंच टफचं आहे, ताजा कापला की मऊ, हवा लागली की कडक. म्हणून लोकांनी त्यात घरं, चर्च, कबुतरखाने कोरले, देरिनकुयूला तर जवळपास ८५ मीटर खोल भुयारी शहर आहे. आपलं वेरूळचं कैलास काळ्या बेसॉल्टमधलं, त्या मानाने इथल्या कारागिरांचे हात कमी दुखले असणार (माझा अंदाज!).

हवा पण वेगळी. पामुक्कले एजियन समुद्राकडच्या बाजूला, खाली, तिथे अंजीर-ऑलिव्ह. कॅपाडोशिया हजार मीटरच्या वरचं पठार, आणि टॉरस डोंगर समुद्राकडची ओल अडवतात, सह्याद्रीमुळे माण-खटाव कोरडं राहतं तसं. हिवाळ्यात चांगला बर्फ पडतो, बॅग भरताना एवढं लक्षात ठेवा.

फोटो बघताना पाणी आणि अनवाणी पाय दिसले की पामुक्कले, कारण तिथे चपला काढूनच चालावं लागतं. दगडाला दारं-खिडक्या दिसल्या की कॅपाडोशिया. ओर्ताहिसारला तर त्या दारांच्या आत भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याकडून आणलेली लिंबं साठवतात, टफच्या पोटात गारवा टिकतो आणि लिंबं महिनोन्‌महिने राहतात, फ्रिजबिज काही नाही.